टाइप वन डायबेटिस आणि अॅम्ब्युलन्सवरची नोकरी: लेकीला अडवावं का?

सातारकर:
लेक यंदा बारावी झाली. नवव्या वर्षापासून टाइप वन. आता इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन व्हायचंय म्हणते. दंडावर सेन्सर आहे, 14 दिवसांनी बदलतो. साखर 70 च्या खाली गेली की मोबाइल कोकलतो. ‘बाबा, आता अडचण काय?’ असं तिचं म्हणणं. बायको म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. स्पष्ट बोला.

रात्रपाळी:
नको. सहा वर्षं अॅम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. डबा कधी उघडेल याचा भरवसा नसतो. घाटात ट्रक पलटलाय, आत माणूस अडकलाय आणि साखर पडून हिचेच हात थरथरायला लागले, तर मी कुणाकडे बघू? शिवाय सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. पाच-दहा मिनिटं मागे असतो. साखर भराभर पडत असेल, तर तो 80 दाखवतो तेव्हा खरी 60 असू शकते.

कॅज्युअल्टीवाली:
मी टाइप वन, कॅज्युअल्टीत नर्स, आठवं वर्ष. मागे असतो हे खरं, म्हणूनच आम्ही आकड्याआधी, साखर चढतेय की उतरतेय हे दाखवणारा बाण बघतो. 110 असूनही बाण सरळ खाली असेल तर अलार्मची वाट न बघता ग्लुकोज तोंडात. एकदा सीपीआर देताना, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबताना, माझी 64 झाली. दर दोन मिनिटांनी हात बदलतातच. बदलले, बाजूला झाले, ग्लुकोज खाल्लं आणि बोट टोचून आकडा वर आलेला दिसेपर्यंत एकाही इंजेक्शनला हात लावला नाही. आणि सर, उपाशी तर तुमचा ड्रायव्हरही असतो!

रात्रपाळी:
ताई, उपाशी ड्रायव्हर चिडतो, बेशुद्ध पडत नाही. त्यानं इन्सुलिन घेतलेलं नसतं. आणि तुमच्याकडे हात बदलायला चौघं असतात. गाडीत मागे मी आणि ती, बस.

कॅज्युअल्टीवाली:
ड्रायव्हरचं मागे घेते. दोघांचंच असतं, हेही मान्य.

आगाऊ:
कारल्याचा रस द्या. माझ्या मामांचं इन्सुलिन सुटलं.

कॅज्युअल्टीवाली:
मामांना टाइप टू असणार. टाइप वनमध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बंद केलं तर पोर काही दिवसांत दगावेल. असले सल्ले कृपया नकोत.

सातारकर:
लेकीला विचारलं, सोबतच्यांना सांगशील ना? म्हणाली, ‘सांगितलं तर घेतील का?’ मला उत्तर देता आलं नाही.

रात्रपाळी:
आमच्याकडे एकानं लपवलं होतं. गाडीतच कोसळला. पेशंट एका बाजूला, हा दुसऱ्या. तेव्हापासून माझं हे मत आहे. त्यानं आधी सांगितलं असतं तर त्याला गाडीवर घेतलं असतं का? खरं सांगू, मी तरी नाही म्हणालो असतो.

कॅज्युअल्टीवाली:
म्हणून तर लपवतात, सर.
सातारकर, कोर्सला घातलंतच तर सेन्सरवर चिकटपट्टी लावायला सांगा. स्ट्रेचरच्या पट्ट्यात अडकून माझे दोन उपटलेत.