'मूत्रगळती' लिहू की दुसरं काही?

मसुदा (सांगली): गर्भपिशवी काढलेल्या बायकांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. या ऑपरेशनमध्ये क्वचित मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होते आणि लघवी पोटातच साठत जाते. मी 'मूत्रगळती' लिहिलं. मावशीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "खोकल्यावर लुगडं ओलं होतं तेच ना? ते मला कधीचंच आहे." जिवाशी येणारी गोष्ट तिला रोजच्या त्रासासारखी वाटली. काय लिहू?

कोरेगावकर: आमच्याकडे लघवी अडली की ती 'तटते' म्हणतात. तेच लिहा, साताऱ्यापासून जतपर्यंत कळेल.

लेक: दादा, तेवढं नको. माझ्या आईचं चौथ्या दिवशी पोट फुगलं, लघवी जेमतेम. सगळे म्हणाले, तटलीय. नळी घातली तर मूत्राशय रिकामं! रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं, म्हणून मूत्रपिंडं बिघडली असं सांगितलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढून तपासलं. त्यात क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट निघालं. मूत्रपिंडं धडधाकट होती, पोटात सांडलेली लघवीच परत रक्तात शोषली जात होती. 'तटलीय' या एका शब्दापायी आमचे दोन दिवस गेले.

वैद्यबुवा: सुश्रुतानं 12 मूत्राघात, म्हणजे लघवी अडण्याचे विकार, सांगितलेत. त्यातला 'मूत्रजठर' घ्या, नवा शब्द पाडायची गरज नाही.

मसुदा: वैद्यबुवा, मूत्रजठर म्हणजे लघवीचा वेग अडवल्यानं नाभीखाली येणारी फुगी. म्हणजे पुन्हा तटणंच झालं की.

वैद्यबुवा: मग 'मूत्रोदर' करा. जलोदर खेड्यातल्या आजीलाही ठाऊक असतो, त्याच वळणाचा शब्द आहे. सोपं लिहायचं म्हणून भाषा दरिद्री करू नये.

लेक: पत्रक वाचणारी बाई टाक्यांनी कळवळत असते. तिला शब्द फोडून बघायला सवड नसते.

दारकरी (वाळवा): ताई, तुंबणं आणि पाट फुटणं यातला फरक आमच्या शाळकरी पोरालाही कळतो. तुंबलं की पाणी मागं चढतं. फुटलं की शेवटच्या सरीला पोचत नाही, भलत्याच रानात जातं. 'लघवीचा पाट आत फुटला' असं लिहा. रात्री रानात पाण्याची दारं मोडायला गेलेला माणूस लगेच समजेल.

नर्सताई (मिरज): त्याआधी 'पिशवी' शब्द आवरा. गर्भाची पिशवी, लघवीची पिशवी आणि खाटेला टांगलेली पिशवी, तिन्हीला पिशवीच म्हणतात. 'पिशवीत लघवी नाही' म्हटलं की नातेवाईक टांगलेल्या पिशवीकडे बघतात. आणि लक्षणं लिहा: पोट फुगणं, लघवी कमी होणं, कुशीत दुखणं, ताप, जखमेतून किंवा अंगावरून पाणी जाणं. शब्द चुकला तरी बाई परत येईल.

कोरेगावकर: दारकरी, दारं 'मोडतात' कुठली? दारं धरतात.

दारकरी: तुमच्याकडं धरत असतील. आमच्याकडं मातीचा बांध कुदळीनं मोडून पाणी पुढच्या सरीला सोडतात, म्हणून मोडणं.

वैद्यबुवा: 'दारं' हे द्वारच. धरणं म्हणजे राखणं, तेच मूळ असावं.

दारकरी: बुवा, मूळ असू द्या. कुदळ माझ्या हातात आहे.