अनुभव धागा: अ ते ज्ञ, राग ओळखा, ताल ओळखा

मराठवाड्यातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांवर जेवणं उरकली की हा खेळ रंगतो. एक अक्षर द्यायचं, एक खूण द्यायची. त्या अक्षराचा राग, ताल, कलावंत किंवा संज्ञा ओळखायची. खेळवणाऱ्यांनी आपापल्या खाचाखोचा लिहा. आठवणी नकोत, कामाचं सांगा.

लातूरकर
अक्षर कुठलं धरायचं ते आधी ठरवा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. पंडित, उस्ताद वगैरे सोडून द्या. कलावंत पहिल्या नावानं: किशोरी आमोणकर क, भीमसेन जोशी भ. 'गंधर्व' हे आडनाव नव्हे, त्यामुळे कुमार गंधर्व क, सवाई गंधर्व स. (नाथराव नेरळकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांनी सोय करून ठेवलीय, कसंही धरा.) दरबारी कानडा द मध्ये, मियाँ की तोडी म मध्ये. बसंत-वसंत, बिहाग-विहाग, यमन-ईमन अशा जोड्यांत दोन्ही रूपं चालतात, पण एकदा येऊन गेलेला राग दुसऱ्या अक्षराला पुन्हा नाही. ई ला ईमन वापरायचा असेल तर य साठी दुसरं काही शोधून ठेवा.

नांदेडची तंबोरेवाली
खूण अशी हवी की उत्तर एकच निघेल. अक्षरामुळे काही गुंते आपोआप सुटतात. मारवा, पूरिया, सोहनी तिघांचे स्वर तेच: रे कोमल (उतरलेला), म तीव्र (चढलेला), प वर्ज्य (घ्यायचाच नाही). पण म, प, स अशी अक्षरं वेगळी, मग वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर) सांगायचीही गरज नाही. भूप-देसकार तसंच.

घोळ होतो तो एकाच अक्षरात. 'म, औडव (पाच स्वरांचा), ग-नि कोमल' एवढंच दिलं तर मालकंसही बरोबर आणि मधुकंसही. 'रे-प वर्ज्य' जोडलं की मालकंसच उरतो, कारण मधुकंसात प आहे. त्याहून वाईट, एकाच नावाचे दोन राग. दुर्गा म्हटलं की बहुतेकांना बिलावल थाटाचा (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरगट), ग-नि वर्ज्य असलेला आठवतो. खमाज थाटाचाही दुर्गा आहे, त्यात रे-प वर्ज्य. चंद्रकंस आज शुद्ध निषादाचा (नि) गातात, जुना बागेश्री अंगाचा कोमल निषादाचा. विभास तर भैरव, मारवा, बिलावल अशा तीन थाटांत सापडतो. म्हणून थाट पहिल्याच खुणेत सांगून टाका.

माझा क्रम: थाट आणि जाती (किती स्वरांचा ते), मग वर्ज्य स्वर, मग वादी-संवादी, शेवटी पकड (रागाची ओळख पटवणारी स्वरांची ओळ). पहिल्या खुणेवर 4 गुण, पुढं एकेक कमी.

तबला_परभणी
तालात त सांभाळा. 'त, 16 मात्रा' म्हणलं की अर्धे लोक तीनताल लिहायलेत, अर्धे तिलवाडा. विभाग दोघांचेही 4-4-4-4, टाळी 1, 5, 13 वर, काल (टाळी नसलेली जागा) 9 वर. मात्रा-खंड सांगून काही उपयोग नाही, ठेकाच (तबल्याचे ठरलेले बोल) द्यावा लागतो: 'धा तिरकिट धिं धिं'नं सुरू होतो तो तिलवाडा. 14 मात्रांचं मात्र बिनधास्त विचारा. धमार, झूमरा, दीपचंदी, आडाचौताल, सगळ्यांची अक्षरं वेगळी.

धाराशिवकर
उत्तर गटावर मागूच नका, पहिल्याचं बघून बाकीचे टाकतात. खेळवणाऱ्याला खासगीत पाठवायचं, मुदत रात्री 9 ते 9:30. वेगाला गुण ठेवले की वीज गेलेल्या गावचा माणूस हकनाक मागं पडतो. व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो, तेव्हा 'संपादित' दिसलेलं उत्तर बाद. ध्वनिफीत दिलीत तर 20 सेकंदांची, तीही नुसत्या आलापाची. बंदिशीचे शब्द आले की लोक कान बाजूला ठेवून गूगल उघडतात.

स्वर टंकताना भातखंडे स्वरलेखन पद्धतीची कोमलची आडवी रेघ फोनवर नीट उमटत नाही. 'रे-को', 'म-ती' असं सरळ लिहा. तार सप्तकासाठी वर टिंब दिलं तर 'सां' वाचायला ठीक, पण खर्जाचं खालचं टिंब काही फोनवर दिसतच नाही.

देवगिरी_खालचा
श, स, द ही अक्षरं आपल्या घरची. शारंगदेवाचा 'संगीतरत्नाकर' 13व्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी झाला. सात अध्यायांची नावं विचारा: स्वरगत, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन. त्यातल्या रागांचे स्वर मात्र विचारू नका. नाव ओळखीचं दिसलं तरी आजचा राग तोच असेल असं नाही, आणि अशा वादाचा निकाल मध्यरात्रीपर्यंत लागत नाही.

अंबाजोगाईची मीरा
राग नाही म्हणून अक्षर गाळू नका. ऋ ऋषभ (रे), ओ ओंकारनाथ ठाकूर, घ घसीट (तारेवर बोट घसरवून स्वर काढणं), ठ ठुमरी, थ थाट, ष षाडव (सहा स्वरांचा), फ फैयाज खाँ. झ ला तर झिंझोटी, झपताल, 'झाला' (सतारीवरचा द्रुत शेवट), निवडायला भरपूर.

तबला_परभणी
ताई, मग क्ष न् ज्ञ ला काय? आमच्याकडं तिथंच खेळ अडायलाय.

अंबाजोगाईची मीरा
दोन्ही बंगालातून घ्या, भाऊ. क्ष ला क्षेत्रमोहन गोस्वामी, बिष्णुपूर घराणं, 19वं शतक. ज्ञ ला ज्ञानप्रकाश घोष. खूण 'तबला आणि हार्मोनियम, कोलकाता' एवढी पुरते. ण आणि ळ तेवढे सोडा.