रणगाड्याच्या मॉडेलवर गंज आणि टवके: किती, आणि कशाच्या आधारावर?

पोलादी_कडा (धागाकर्ता)

१/३५ मापाची (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी) रणगाड्यांची मॉडेल्स पाहताना एक गोष्ट सतत खटकते. बांधणी उत्तम, सांधे नीट भरलेले, वेल्डच्या रेषासुद्धा नव्याने काढलेल्या. आणि वर रंगकाम असं, की गाडी वीस पावसाळे उघड्यावर पडून होती. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) सपाट भिंतीवर मधोमध गंजाचे भगवे ओघळ, प्रत्येक कडेला सारख्या अंतरावर टवके. माझं मत असं आहे, आणि त्यावर वाद व्हावा म्हणूनच हा धागा: जी खूण कशामुळे पडली हे तुम्हाला सांगता येत नाही, ती काढू नका.

आधी वयाचा हिशेब. पँथर हा जर्मन रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला जुलै १९४३ मध्ये, कुर्स्कला. युरोपातलं युद्ध मे १९४५ मध्ये संपलं. म्हणजे शेवटपर्यंत टिकलेला पँथरही जेमतेम २२ महिने लढाईत होता, आणि बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाहीत. एवढ्या काळात प्रायमर मारलेल्या जाड चिलखतात गंज खोल जात नाही. रंग खरवडून उघड्या पडलेल्या पोलादावर पातळ तपकिरी थर धरतो, आणि जिथे माणसांचे हातपाय लागतात तिथे तोही घासून जातो. गंज हवाच असेल तर सायलेन्सर आहे: पत्रा पातळ, उष्णतेने रंग जळून गेलेला, त्यावर पाऊस. तिथे हवा तेवढा दाखवा. संग्रहालयाच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो संदर्भाला घेतला की गफलत होते. तो गंज युद्धातला नाही, नंतरच्या दशकांचा आहे.

मग माप. १/३५ मध्ये १ मिमी म्हणजे ३५ मिमी. अर्धा मिमी रुंदीचा टवका काढलात तर खऱ्या गाडीवर तो पावणेदोन सेंमीचा झाला. एवढा रंग उडायला काहीतरी जोरात घासलं गेलं पाहिजे. मॉडेल आपण साधारण ५० सेंमीवरून पाहतो, म्हणजे खरी गाडी १७.५ मीटरवरून. चांगल्या नजरेला त्या अंतरावरून ५ मिमीच्या आसपासचा तपशील कसाबसा ओळखू येतो. मॉडेलवर तो होतो ०.१५ मिमी. टवक्यांसाठी ब्रशचं टोक एवढंच असावं, आणि त्याहून मोठी प्रत्येक खूण विचार करून काढावी.

टवका कुठे? चालकाच्या हॅचची कड, चढताना पाय पडतो ती जागा, हत्यारांच्या पकडी, इंजिनावरच्या झाकणांचे कोपरे, फेंडरची पुढची टोकं. टरेटच्या भिंतीचा मधला भाग या यादीत नाही.

शेवटचा मुद्दा थरांचा. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन गाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा, आरएएल या जर्मन रंगक्रमांक पद्धतीतला ७०२८. त्यावर हिरवा (६००३) आणि तपकिरी (८०१७) हे रंग पेस्टच्या रूपात मिळत आणि तुकडीत पातळ करून फवारले जात. मग हिरव्या पट्ट्यावर ओरखडा पडला तर खाली आधी पिवळा दिसणार, त्याखाली लाल प्रायमर (८०१२), आणि पोलाद सर्वांत शेवटी. आपण मात्र थेट काळपट तपकिरीवर उडी मारतो.

तैलबिंदू

माप बरोबर, निष्कर्ष अमान्य. डोळा फक्त आकार मोजत नाही, रंगातला फरकही पकडतो. विजेची तार दूरवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, ती जाड असते म्हणून नव्हे. ०.१५ मिमीच्या नियमाने केलेला एकरंगी ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा) शर्मन रणगाडा टेबलावर ठेवला तर हिरव्या प्लास्टिकचा तुकडा वाटतो, कारण प्रत्येक पृष्ठभाग सारखाच उजळ आहे. खुणेला कारण हवं हे मान्य. पण ती दिसण्यासाठी थोडी वाढवून काढावीच लागते.

टवके न वाढवताही तो फरक आणता येतो, तैलरंगांनी. बेस (खालचा मूळ रंग) ॲक्रिलिकचा किंवा लॅकरचा, इनॅमलचा नको, नाहीतर व्हाइट स्पिरिट (तैलरंग पातळ करायचं द्रावक) तो उचलेल. त्यावर सॅटिन वॉर्निश आणि २४ तास वाळवण. तैलरंग पुठ्ठ्यावर पिळून अर्धा ते एक तास ठेवायचे, म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा शोषतो. हे टाळलं की रंग तुकतुकीत राहतो आणि वाळायला दिवसेंदिवस लागतात. मग एका वेळी एकच पॅनेल घ्यायचं. वरच्या कडेजवळ पांढरा, बफ, ऑकर यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, खालच्या कडेला बर्न्ट अंबर आणि थोडा निळा. ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि उभ्या भिंतीवर वरून खाली, आडव्या पृष्ठभागावर गोल थोपटत रंग जिरवायचा. ब्रश ओला राहिला तर रंग जिरत नाही, वाहून कडेला साचतो आणि भरतीच्या रेषेसारखा डाग उरतो. बेस पूर्ण मॅट असेल तर हाच डाग पक्का बसतो. म्हणून सॅटिन.

पातळ_थर

धागाकर्त्यांचा राग टवक्यांवर आहे, पण दोष बहुतेक वेळा पद्धतीचा असतो. स्पंजने टवके काढले की सगळे गोल, सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर पडतात. स्पंज फाडून घ्यावा, कापून नाही. कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि दर दोन-तीन टिपांनंतर फिरवावा.

मोठ्या भागावरचा रंग झिजलेला दाखवायचा तर हेअरस्प्रे. खालचा रंग लावून वॉर्निशने बंद करा. २५–३० सेंमीवरून हेअरस्प्रेचे दोन हलके थर, मध्ये दहा मिनिटं. त्यावर तामिया कंपनीचा ॲक्रिलिक, पाण्याने किंवा त्यांच्याच एक्स-२०ए थिनरने पातळ केलेला, एअरब्रशने १५ पीएसआय दाबाच्या आसपास, दोन पातळ फेऱ्यांत. लॅकर थिनरने पातळ केला तर रंग खाली चावा घेतो आणि मग निघत नाही. अर्ध्या ते एक तासात काम सुरू करायचं: छोटा भाग कोमट पाण्याने ओला करून मिनिटभर थांबा, मग आखूड राठ ब्रशने टोकटोक, ओरखड्यासाठी टूथपिक. रात्रभर ठेवलं तर जोर लावावा लागतो आणि थेट प्लास्टिकपर्यंत जातं. व्हॅलेजो कंपनीचा रंग वरून मारला तर त्याची लवचीक कातडी होते. ती टवक्याने नव्हे, पोपड्याने निघते. हेअरस्प्रे जाड झाला तर वरचा रंग वाळतानाच तडकतो. काम झालं की वॉर्निश मारायचाच. नाहीतर पाण्यातला पुढचा कुठलाही वॉश (अगदी पातळ रंगाचा थर) हेअरस्प्रे पुन्हा विरघळवेल.

या पद्धतीला शंभर टक्के कारण सापडतं ते हिवाळ्यातल्या पांढऱ्या रंगावर. १९४१-४२ च्या हिवाळ्यात करड्या जर्मन गाड्यांवर चुना, खडू, मिळेल ते फासलं होतं. ते पावसाने, बुटांनी, हातांनी निघतच होतं. तिथे अर्धी गाडी झिजलेली दाखवली तरी अतिशयोक्ती होत नाही. मात्र खाली करडा रंग दिसला पाहिजे, गंज नाही. हेअरस्प्रेखाली तामियाचा एक्सएफ-६३ (जर्मन करडा), वर पातळ एक्सएफ-२ (पांढरा), आणि खालच्या करड्या थरावर वॉर्निश भक्कम, म्हणजे घासताना तोही निघणार नाही.

लोखंडी_चाक

एक भर. एम११३ या अमेरिकी चिलखती वाहनाचं चिलखत ॲल्युमिनियमचं आहे, शेरिडन या हलक्या अमेरिकी रणगाड्याचा हलही (टरेटखालचा मुख्य सांगाडा). त्यावर गंजाचे टवके काढलेली मॉडेल्स नेहमी दिसतात. ॲल्युमिनियमवर लाल गंज येत नाही. ओरखडा मंद राखाडी राहतो. पण त्याच शेरिडनचं टरेट पोलादी आहे, म्हणजे एकाच गाडीवर दोन वेगळे टवके. किट उघडण्याआधी कोणता भाग कशाचा आहे याची यादी करावी.

आणि त्सिमेरिट. १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत जर्मन गाड्यांवर चुंबकी सुरुंगांविरुद्ध जे लिंपण होतं, ते कडेने तुकड्यांत निखळतं. तुटलेली कड गेरूपिवळी, खाली लाल प्रायमर. तिथे पोलादी रंगाचे टवके चूक.

पोलादी_कडा

@पातळ_थर, चुन्याचा मुद्दा पूर्ण मान्य. तिथे कारण आहे, म्हणून खूण आहे; माझं म्हणणं एवढंच होतं.

@तैलबिंदू, तैलरंगांवर वाद नाही. वाद आहे तो प्रत्येक पॅनेलची वरची कड उजळ आणि खालची गडद करण्याच्या सवयीवर, ज्याला कलर मॉड्युलेशन म्हणतात. त्याने प्रकाश रंगात गोठतो. मॉडेल फिरवलं, दिवा हलवला, तरी हायलाइट जागचा हलत नाही. लहान मॉडेल हवेच्या थरामुळे फिकं दिसलं पाहिजे हेही कारण दिलं जातं, पण १७.५ मीटरच्या हवेने कुठलाच रंग फिका होत नाही.

तैलबिंदू

हवेचं कारण मीही देत नाही. माझं कारण कामाच्या क्रमातलं आहे. प्रत्येक पुढचा थर आधीचा फरक खातो. वॉर्निश थोडं गडद करतो, वॉश सगळं आणखी गडद करून एकजीव करतो, धूळ सगळ्यालाच एका बफ छटेकडे नेते. सुरुवातीला शुद्ध एक्सएफ-६० (तामियाचा गडद पिवळा) मारला तर शेवटी तो मातकट तपकिरी होतो. म्हणून सुरुवातीला वरच्या पृष्ठभागांवर त्याच रंगात एक-पंचमांश एक्सएफ-५७ (बफ) मिसळून दोन फेऱ्या. बेस संपल्यावर ते भडक दिसतं; सगळं झाल्यावर बेताचं उरतं. बेसच्या टप्प्यावर फोटो पाहून मत बनवू नये.

चिखलवाट

दोन्ही बाजू टरेटवरच अडकल्या आहेत. चालत्या रणगाड्यावर सर्वांत जास्त असते ती धूळ आणि माती, आणि तीच सर्वांत शेवटी, घाईत उरकली जाते.

पिगमेंट (रंगाची बारीक पूड) कोरडंच ब्रशने कोपऱ्यात, बोल्टभोवती, फेंडरच्या आतल्या घडीत ठेवा. मग व्हाइट स्पिरिटचा थेंब शेजारी टेकवा, पिगमेंटवर नाही. तो आपोआप आत ओढला जातो. वरून थेंब सोडला तर खड्डा पडतो आणि भोवती कडं उरतं. ओलं असताना सगळं गडद दिसतं, घाबरून आणखी पिगमेंट घालू नका. तासाभराने वाळलं की कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरचं काढा. माणसं चालतात तिथे धूळ नसते. हॅचपासून इंजिनाच्या झाकणापर्यंत पायवाट दिसली पाहिजे. पिगमेंट बसवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ॲक्रिलिक बेसवर जपून, कारण ते बेस मऊ करतं.

चिखल एकाच दिवसाचा नसतो. आधी फिका, वाळलेला: दोन भाग पिगमेंट, एक भाग प्लास्टर, बारीक वाळू, ॲक्रिलिक रेझिन, आणि ब्रशवर घेऊन काडीवरून उडवलेले शिंतोडे. प्लास्टर वाळल्यावर रंग फिकट करतं, म्हणून पिगमेंट एक छटा गडद घ्या. त्यावर गडद, दमट, आणि तो फक्त खालच्या निम्म्या भागात. चकाकणारा ओला चिखल दोन-तीन जागीच. रोडव्हीलवर (साखळीसारख्या ट्रॅकवरून फिरणाऱ्या चाकांवर) तो तबकडीच्या खोलगट भागात आणि हबभोवती साचतो. धावेवर थांबत नाही, ट्रॅक ती पुसत असतो.

इंधनाचे डागही गाडीनुसार. सोव्हिएत टी-३४ डिझेलवर चाले. डिझेल तेलकट राहतं, त्यावर धूळ बसून काळपट, किंचित चकचकीत डाग होतो. पँथर-टायगर पेट्रोलवर, पेट्रोल उडून जातं, धूळ धुतलेला ओघळ तेवढा मागे राहतो. झाकणाखाली सगळ्याच गाड्यांना सारखाच काळा ओघळ काढणं चूक.

लोखंडी_चाक

ट्रॅकबद्दलही हेच. सगळ्या कड्यांवर चंदेरी ड्रायब्रश फिरवला की ट्रॅक खेळण्यातला दिसतो. बेस गडद तपकिरी (एक्सएफ-६४ मध्ये थोडा एक्सएफ-१, म्हणजे काळा), त्यावर मातीचा पिगमेंट वॉश, वाळला की पुसून घ्यायचा. चमक फक्त घासतं तिथे: जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या, स्प्रॉकेटचा (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचा) दात बसतो ती जागा, गाइड हॉर्नच्या (ट्रॅकच्या आतल्या बाजूच्या शिंगांसारख्या उंचवट्यांच्या) बाजू. ४बी किंवा ६बी पेन्सिलचं ग्राफाइट बोटाने चोळलेलं पुरतं. चाकांना रबर असेल तर आतली बाजू गुळगुळीत, मंद गडद होते. टायगरच्या १९४४ च्या पोलादी धावेच्या चाकांखाली तिथे उजळ पट्टे हवेत. लेपर्ड २ सारख्या रबरी पॅडच्या ट्रॅकवर पॅड धुळकट काळेच ठेवा, चमक द्यायची ती कड्या जोडणाऱ्या एंड कनेक्टरना.

धातूचे ट्रॅक असतील तर रंगाऐवजी बर्निशिंग द्रव (धातू काळपट करणारं रसायन). आधी साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, नाहीतर काळपटपणा ठिपक्याठिपक्यांत बसतो. रंग आला की भरपूर पाण्याने धुवा आणि टेकणाऱ्या पट्ट्या बारीक सँडपेपरने उघड्या करा.

पातळ_थर

वर सगळ्यांनी व्हाइट स्पिरिट सांगितलं, म्हणून एक इशारा. सस्पेन्शनच्या दांड्या, दाबून बसवलेले भाग, हुकसारखे पातळ तुकडे ताणाखाली असतात. न रंगवलेल्या पॉलिस्टायरीनवर तिथे ते झिरपलं की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं, कधीकधी दुसऱ्या दिवशी. हलच्या आत आणि चाकांच्या मागेसुद्धा प्रायमर मारा, खालच्या भागावर वॉश ओतू नका, थोडा थोडा लावा.

तैलबिंदू

क्रमाचा एक प्रश्न उरतो. टवके तैलरंगांच्या आधी की नंतर? माझ्या मते आधी, म्हणजे ओघळ टवक्यापासून सुरू करता येतो आणि तैलरंग त्याची तीव्रता थोडी मारतात.

पोलादी_कडा

पिवळा आणि प्रायमर दाखवणारे टवके आधी. उघड्या पोलादाचे ताजे ओरखडे धूळ बसवल्यानंतर, अगदी शेवटी, फक्त हॅचच्या कडेला आणि पायऱ्यांवर. तिथे आजही कोणी चढलं-उतरलं असेल, म्हणजे ती खूण धुळीच्या वरच दिसली पाहिजे. ओघळ मात्र त्यांच्यापासून काढू नका. ताज्या ओरखड्याला गंज वाहायला वेळच मिळालेला नसतो.

तैलबिंदू

ओरखड्यांचं पटलं. पहिल्या दोन थरांच्या टवक्यांवर मी ओघळ काढणारच, अर्ध्या मिमीपेक्षा बारीक, आणि गंजाच्या रंगात नाही, बर्न्ट अंबरमध्ये.