टार्टन डे परेडसाठी किल्ट : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो. लेकीचं सासर मूळचं स्कॉटिश. एप्रिलमधल्या न्यूयॉर्कच्या टार्टन डे परेडमध्ये किल्ट (पुरुषांचा चुण्यांचा स्कॉटिश घागरा) घालून सोबत चाला, असा व्याह्यांचा आग्रह आहे. ६ एप्रिल १३२० च्या आर्ब्रोथ जाहीरनाम्यात स्कॉट सरदारांनी आपलं स्वातंत्र्य पोपपुढे ठामपणे मांडलं, त्याची ही आठवण. पुढे १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाखच बंद केला. बंदी उठली थेट १७८२ मध्ये. म्हणून हौसेखातर काहीतरी गुंडाळून जाणं मला पटत नाही.

मुख्य अडचण टार्टनची, म्हणजे किल्टच्या कापडावरच्या रंगीत चौकटींच्या नक्षीची. व्याही म्हणतात, आमच्या घराण्याचंच घाला. मला कुणालाही चालणारं ब्लॅक वॉच, ते गडद निळं-हिरवं, जास्त योग्य वाटतं. पण नकार दिला तर त्यांचं मन दुखावेल का? स्कॉटिश घरात सोयरीक झालेल्यांनी काय केलं?

दुसरं, भाड्याने घ्यावा की विकत? चांगल्या लोकरी किल्टला आठ यार्ड कापड लागतं. चुण्या सगळ्या मागे, पुढचा भाग सपाट. पँटपेक्षा बराच वर, बेंबीच्या आसपास बांधायचा आणि खालची कड गुडघ्याच्या मध्यावर यायला हवी. घरी माप घेऊन ऑनलाइन मागवलेला कुणाला नीट बसलाय का?

मोज्यात खोचायची छोटी सुरी मात्र ट्रेनने मॅनहॅटनला न्यायला नको वाटतं. तिच्याशिवाय चालेल ना? परेडमध्ये चाललेल्यांनी कृपया सांगा.