‘हिपोक्रिट’ला मराठीत काय म्हणायचं, ढोंगी की सोंगाड्या? (शीर्षक बदललं आहे)

धागाकर्ता
परवा जिमी स्वॅगार्टबद्दल वाचत होतो. लुईझियानातला टीव्हीवरचा धर्मोपदेशक, २०२५ च्या जुलैत वारला. ह्या माणसाने १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मार्विन गोरमन नावाच्या दुसऱ्या पाद्र्याची बाहेरची लफडी चर्चच्या वरिष्ठांपर्यंत नेली आणि त्याला घरी बसवला, वर्षभराने जिम बेकर ह्या टीव्हीवरच्याच दुसऱ्या धर्मोपदेशकाचं प्रकरण फुटलं तेव्हा टीव्हीवर जाऊन त्याला ख्रिस्ताच्या देहातला कॅन्सर म्हणाला, आणि तिकडे गोरमनने पाळत ठेवून ह्यालाच मोटेलवर वेश्येबरोबर गाठलं, फोटोसकट. मग २१ फेब्रुवारी १९८८ ला बॅटन रूजच्या आपल्याच चर्चमध्ये ढसाढसा रडत पापाची कबुली. वरिष्ठांनी सांगितलं वर्षभर प्रवचन बंद, ते काही ऐकलं नाही, तीन महिन्यांत गडी परत स्टेजवर.
आता प्रश्न असा की ह्याला मराठीत नेमकं म्हणायचं काय? ढोंगी फार किरकोळ वाटतं हो, शाळा बुडवायला पोटात दुखतंय म्हणणारं पोरगंही ढोंगीच. दांभिक पुस्तकी आहे, कोणी भांडताना दांभिक म्हणत नाही. बायबलातला ‘परूशी’ (येशूच्या काळातला ज्यू पंथ, ज्यांना तिथे ढोंगी म्हटलंय) वापरावा का? मी तरी शीर्षकात तोच टाकलाय.

तळकोकणी
मूळ ग्रीक शब्द ‘हिपोक्रितेस’, म्हणजे नाटकातला नट. शिवी नव्हतीच ती, मुखवटा लावून दुसऱ्याचं बोलणारा माणूस एवढंच. म्हणजे आपल्याकडे खरा जवळचा शब्द सोंग! आमच्याकडे दशावतारात रात्री जो राजा असतो तो सकाळी भातशेतीत असतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही कारण सोंग आहे हे दोघांनाही माहीत असतं, बघणाऱ्याला आणि काढणाऱ्याला. ते बघणाऱ्यापासून लपवलं की सोंगाचं ढोंग झालं. त्यामुळे मराठी बायबलात मत्तयच्या २३ व्या अध्यायात ‘ढोंगी’ घेतलंय ते मला चुकीचं वाटत नाही. तिथेच चुना लावलेल्या कबरींची उपमा आहे, वरून पांढऱ्याशुभ्र आत हाडं. (आपण ‘चुना लावला’ ज्या अर्थाने म्हणतो त्याचा ह्याच्याशी संबंध नाही पण मला दर वेळी हसू येतं.)

रविवारचा वाचक
कुसळ-मुसळ विसरलात काय? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही ही म्हण आपण इतकी सहज वापरतो, आणि मत्तयच्या ७ व्या अध्यायात मराठी भाषांतरात हेच दोन शब्द आहेत. ग्रीकमध्ये आहे ‘कार्फोस’ आणि ‘दोकोस’, म्हणजे वाळकी काडी आणि घराची तुळई. सुताराच्या घरातला माणूस (येशू) बोलतोय त्यामुळे तुळई बरोबरच. पण ज्याने कोणी तुळईचं मुसळ केलं त्याला सलाम, नुसतं यमकच जुळलं असं नाही तर दोन्ही वस्तू धान्याच्याच घरातल्या. कुसळ पायमोज्यात घुसलेलं ज्यांनी काढलंय त्यांना डोळ्यातलं कुसळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.
कल्पना मात्र एकट्या बायबलची नाही. महाभारतात आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला भर दरबारात ऐकवते की दुसऱ्याची मोहरीएवढी छिद्रं तुला दिसतात, स्वतःची बेलफळाएवढी दिसत असूनही दिसत नाहीत. ते ‘दिसत असूनही’ जबरदस्त आहे. स्वॅगार्टला पण दिसत होतंच की.

वसईची लेक
आमच्या घरात बायबलातले हे शब्द लहानपणापासून कानावर, म्हणून थोडं लिहिते. सगळे ‘ढोंगी’वर अडकलेत, त्या कुसळ-मुसळवाल्या उताऱ्याची सुरुवातच ‘दोष काढू नका’ अशी आहे. तिथलं क्रियापद ‘क्रिनेइन’, म्हणजे निवडणं, वेगळं करणं, निवाडा देणं. आणि गंमत बघा, हिपोक्रितेसमधला ‘क्रि’ पण तोच! म्हणजे निवाडा करणारा आणि मुखवटेवाला मुळात एकाच घरचे. आजची पोरं ‘मला जज करू नको’ म्हणतात त्याला ‘नावं ठेवू नको’ हे चपखल आहे पण त्यात निवाड्याचा अधिकार येत नाही, नावं कोणीही ठेवतं. खुर्चीवर बसून ठेवलेली नावं म्हणजे जज करणं. म्हणून पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात पत्रकारांना समलिंगी व्यक्तींबद्दल म्हणाले की देवाला शोधणाऱ्या माणसाचा निवाडा करणारा मी कोण, तेव्हा एवढा गाजावाजा झाला. शेजारचा काका असं म्हणाला असता तर बातमी झाली नसती.
उलट बाजूही आहे हं. हेच वाक्य ढाल म्हणून वापरतात. तुमचा स्वॅगार्ट १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात परत वेश्येबरोबर पोलिसांना सापडला, तेव्हा लोकांना म्हणाला देवाने सांगितलंय, तुमचा काय संबंध. आता ह्याला काय म्हणायचं? माझ्या आजीने ‘निर्ढावलेला’ म्हटलं असतं आणि तांदूळ निवडत बसली असती.

तळकोकणी
‘क्रि’ची जोडणी माहीत नव्हती, धन्यवाद. मग ढोंगी म्हणजे पाप केलेला नाही, पाप तर गोरमननेही केलं होतं. न्यायाधीशाचं सोंग घेऊन बसलेला आरोपी तो ढोंगी. स्वॅगार्टचं १९८८ चं रडणं खरंही असेल, मला १९८७ चं ते कॅन्सरवालं भाषण जास्त ढोंगी वाटतं.

अलिबागवाला
शीर्षकातल्या शब्दाबद्दल. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, घरात मराठीच. ‘परूशी’ हा हिब्रू ‘परुशीम’वरून आलेला शब्द आहे, साधारण अर्थ वेगळे राहणारे, आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर जी रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) परंपरा टिकली ती त्यांच्याच वाटेने आली. म्हणजे आमचे पूर्वज म्हणा ना. प्रत्येक लबाड पाद्र्याला तुम्ही परूशी म्हणायला लागलात तर त्या पाद्र्याचं मुसळ आमच्या डोळ्यात. रोममध्ये २०१९ साली ह्या विषयावर अख्खी परिषद झाली होती, पोपनीही मान्य केलं की त्या नावाभोवती पूर्वग्रह साचलेत. रागावलो नाहीये, शब्दचर्चा आहे म्हणून लिहिलं.

धागाकर्ता
अरे देवा. हे डोक्यातच आलं नव्हतं, माफ करा. शीर्षक बदललंय, पहिल्या पोस्टमधला उल्लेख ठेवतोय नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल. सोंगाड्या टाकलाय पण तमाशातल्या सोंगाड्यावर अन्याय होतोय बहुतेक, तो बिचारा उघडउघड हसवतो.