महिन्याला 3000 रुपये गरजूंसाठी काढायचे ठरलंय: द्यायचे कोणाला आणि कसे?

वेगळा_डबा:
घरात एकमत झालंय की यंदापासून महिन्याला 3000, म्हणजे वर्षाला 36,000 रुपये गरजूंसाठी बाजूला काढायचे. गाडं अडलंय ते पुढे. मोठ्यांचं म्हणणं, पितृपंधरवड्यात एकदाच दणक्यात अन्नदान करा. धाकट्यांचं म्हणणं, संस्थेला द्या, करात सूट मिळते. आणि तिसरा सूर असा की घरकामाच्या मावशींच्या मुलीचा बारावीचा खर्च उचला. त्यावर लगेच प्रश्न आला, हे 'दान' धरायचं का? जाणकारांनी धर्म काय म्हणतो तेही सांगावं आणि व्यवहारात काय फसतं तेही.

पोथीतला_मोरपीस:
'किती' म्हटलं की भागवतातला संपत्तीच्या पाच वाट्यांचा श्लोक हमखास पुढे येतो: धर्म, यश, अर्थ, काम, स्वजन. त्यावरून 20 टक्के धर्माला असा हिशेब लोक मांडतात. मूळ श्लोकात वाटे 'सारखे' करा असं नाही. शिवाय आठव्या स्कंधात तो आहे शुक्राचार्यांच्या तोंडी, आणि ते बळीला वामनाला दान देण्यापासून अडवतायत! तेव्हा तो श्लोक दानाच्या बाजूने वापरताना जरा जपून.

'कोणाला' हा खरा वादाचा भाग. गीतेच्या 17व्या अध्यायात सात्त्विक दानाला तीन अटी आहेत: योग्य देश, योग्य काळ, योग्य पात्र. शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यक्षेत्र, काळ म्हणजे संक्रांतीसारखं पर्व आणि पात्र म्हणजे षडंगांसह (सहा वेदांगांसह) वेद जाणणारा. तुमच्या घरातल्या मोठ्यांचा पितृपक्षाचा आग्रह या परंपरेतला आहे, त्यांना अडाणी ठरवू नका. पण वारकऱ्यांनी पात्राची व्याख्याच बदलली. तुकोबांचा साधू ओळखायचा तो रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणण्यावरून. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न पहिलं आहे, पण त्यापुढे गरीब मुलामुलींना शिक्षण, रोग्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार हेही आहे. म्हणजे तुमच्या घरातले तिन्ही पक्ष एकाच यादीत बसतात.

मावशींचं म्हणाल तर त्याच श्लोकात 'अनुपकारिणे' हा शब्द आहे. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला दिलेलं ते सात्त्विक. 'फी भरतोय, आता सुट्ट्या कमी घ्याल ना?' एवढं मनात जरी आलं तरी पुढच्याच श्लोकातल्या राजस दानात तुमची गणती झाली.

पगार_आधी:
मला श्लोक येत नाहीत. मावशींना पगारी साप्ताहिक सुट्टी आहे का? दिवाळीला एक महिन्याचा पगार जादा मिळतो का? गावाला गेलात तर त्या दिवसांचे पैसे कापता का? आधी हे नीट करा. यातलं काहीही 3000 च्या डब्यातून गेलं तर ते दान नाही, थकबाकी आहे.

चांदीचा_निसाब:
वरच्या मुद्द्याला जोड. जकातीतही, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या वार्षिक दानातही, हाच नियम आहे. घरकामगार बाई हकदार असेल तर तिला जकात देता येते, पण पगारापोटी किंवा ठरलेल्या बोनसच्या जागी दिली तर जकात अदा होत नाही.

आमच्याकडे 'किती' हा प्रश्नच नाही, आकडा बांधलेला आहे. 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदी एवढ्या किमतीची मालमत्ता (निसाब) चांद्रवर्षभर राहिली की 2.5 टक्के. 4 लाख शिल्लक असेल तर 10,000. चुका ठरलेल्या असतात. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं. मार्च ते मार्च हिशेब ठेवून 2.5 टक्केच दिले तर दर वर्षी 11 दिवसांची जकात बुडते, 33 वर्षांत अख्खं एक वर्ष. म्हणून इंग्रजी वर्ष धरणारे 2.577 टक्के काढतात. दुसरी चूक म्हणजे परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी हिशेबात धरायचीच विसरतात. दागिन्यांचं पंथावर आहे. हनफींमध्ये दागिन्यांवर जकात आहे, तर कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. म्हणून एकाच मजल्यावरच्या रत्नागिरीच्या सुनेचा आणि बीडच्या हनफी शेजारणीचा हिशेब वेगळा येतो, आणि दोघींचाही बरोबर असतो.

आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात चालत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे तसंही कर्तव्य. गरजू भाऊ, बहीण, आत्या, मावशी यांना चालते, उलट तिथे सवाब (पुण्य) दुहेरी. जकात आहे असं सांगायची गरज नाही. 'मुलांसाठी ठेव' म्हणून दिलं तरी पुरे, समोरच्याची मान खाली जात नाही. हे सगळ्यांनीच उचलण्यासारखं आहे.

हनफी मतात आणखी एक अट म्हणजे पैसा किंवा वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची व्हायला हवी. पंगतीला बसवून जेवू घातलं तर जकात अदा होत नाही, तेच अन्न बांधून हातात दिलं तर होते. फीसुद्धा परस्पर भरायची तर आधी त्या आईची संमती घ्यायची. धर्म बाजूला ठेवला तरी विचारून करणं बरंच.

साठ_लिटर_पातेलं:
अन्नदानाबद्दल. सर्वपित्री अमावास्येला किंवा गुरुवारी दत्तमंदिरापाशी करू नका, तिथे त्या दिवशी चार जण आधीच वाढत असतात. माणूस तिसरी पुडी घेतो आणि उरलेलं गटारात. मधल्या वारी, रात्री, सरकारी रुग्णालयाबाहेर जा. रुग्णाला आतून जेवण मिळतं, सोबतच्या नातेवाइकाला नाही, आणि तो तालुक्याहून आलेला, खिशातले पैसे औषधांना राखून ठेवलेला असतो. आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणत्या दिवशी कोण वाढतं आणि कोणता वार रिकामा आहे हे ते सांगतात.

100 जणांच्या पोटभर खिचडीला तांदूळ 7 किलो, मूगडाळ 3 किलो, तेल 1 लिटर, पाणी 28 लिटर आणि वर 5 लिटर उकळतं बाजूला. मीठ 300 ग्रॅमने सुरू करा, चव बघून वाढवा. साधारण 38 किलो तयार होते, म्हणजे माणशी पावणेचारशे ग्रॅम. पातेलं 60 लिटरचं आणि जाड बुडाचं हवं. घरच्या छोट्या पातेल्याच्या अंदाजाने पाणी दहापट केलंत तर पिठलं होईल, मोठ्या पातेल्यात वाफ प्रमाणात कमी उडते.

फसतं ते वाटपात. संध्याकाळी सहाला उतरवलेली खिचडी झाकण लावून साडेदहाला वाटली, तर कोमट भातात जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उतरवल्यापासून दोन तासांत संपवा. ओलं खोबरं वापरू नका, लवकर आंबतं. बटाटा घातलाच तर त्याच दिवशी उकडलेला. उरलं तर 'सकाळी देऊ' नको, फेका. आणि ताट हातात दिल्याचे फोटो काढू नका. तो माणूस कुणाचा तरी बाप आहे, आणि त्याच्या गावातही मोबाईल आहेत.

दाखला_मिळेल_का:
पैशापेक्षा कागद जास्त देतो, ही बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. तहसील कचेरीतल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत निराधार विधवेचं प्रकरण मंजूर झालं की महिना 1500 रुपये, म्हणजे वर्षाला 18,000. तुमच्या डब्याचा निम्मा भाग, आणि तोही चालू राहणारा. यात तुमचा खर्च म्हणजे रिक्षा, झेरॉक्स, आणि दोनतीन दिवसांची रजा. अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. मर्यादा वर्षाला 21,000 आहे, आणि दाखला त्याहून जास्त रकमेचा निघाला की अर्ज तिथेच बाद. त्यामुळे तलाठ्याकडे उत्पन्न खरं आणि नीट नोंदवलं गेलंय का हे आधी पाहा.

रेशनचंही तसंच. पिवळ्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, आणि सध्या मोफत. तरी कित्येकींना मिळत नाही. एकतर लग्नानंतर नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं नसतं, नाहीतर धुणंभांडी करून बोटाचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. पहिल्याला नाव कमी केल्याचा दाखला, दुसऱ्याला आधार केंद्रात ठसे अद्ययावत करणं हा उपाय. मावशींना हे विचारा.

दवाखान्याचं मोठं बिल आलं की लगेच वर्गणीचा मेसेज फिरवू नका. ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचं आहे का पाहा. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41कक खालच्या योजनेत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला भरतीच्याच दिवशी द्या, डिस्चार्जच्या दिवशी हुज्जत घालून फारसं हाती लागत नाही.

करसवलतीचं थोडक्यात: नवी करप्रणाली घेतली असेल तर देणगीवरची सूट (आयकराच्या 1961च्या कायद्यातलं कलम 80जी) नाहीच, विषय संपला. जुनी असेल तर 2000 वरची रोख देणगी चालत नाही, धान्य-कपडे चालत नाहीत, आणि संस्थेकडून आयकराच्या नमुन्यातलं देणगी प्रमाणपत्र (1961च्या कायद्यात 10बीई) हवं, नुसती पावती नव्हे. बहुतेक संस्थांना दिलेल्याची निम्मीच रक्कम वजा होते. 36,000 दिलेत तर 18,000 वजा, 20 टक्क्यांच्या टप्प्यात वाचले 3600 आणि वर थोडा उपकर. यासाठी घरात भांडू नका.

वेगळा_डबा:
सगळ्यांचे आभार. 'पगार_आधी' यांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला, थोडी शांतता पसरली. दिवाळीचा जादा पगार घरखर्चातून जाईल, डब्यातून नाही. बारावीच्या खर्चाबद्दल मावशींनाच विचारायचं ठरलंय. एक शंका राहिली: त्यांनी नको म्हटलं तर?

चांदीचा_निसाब:
तर नको. तीच रक्कम कॉलेजमध्ये प्राचार्यांना भेटून 'बारावीतल्या कोणत्याही गरजू मुलीसाठी' म्हणून पावती घेऊन भरा. परीक्षा शुल्क, प्रयोगवही आणि प्रवास असे तीन खर्च वेगळे लिहून द्या, नाहीतर सगळं शुल्कातच वळतं आणि मुलगी एसटीच्या पैशांसाठी घरी बसते. मावशींना मात्र पुन्हा विचारू नका.