थंड हवा वाढवून भागत नाही
गॅस टर्बाइनमध्ये गरम गॅसच्या झोतात फिरणाऱ्या ब्लेडला (पात्यांना) जास्त थंड हवा सोडली की तापण्याचा प्रश्न मिटला असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण ती हवा कॉम्प्रेसरने ताकद खर्चून दाबलेली असते आणि स्वतःच ४००-५०० अंशांची असते, थंड म्हणायची ती १५०० अंशांच्या गॅसपुढे! या हवेची खरी बचत सीलमध्ये, म्हणजे फटीतली गळती अडवणाऱ्या भागात आहे. ब्लेड बसवलेली फिरती डिस्क आणि स्थिर भाग यांच्या फटीतून गरम गॅस आत घुसू नये म्हणून तिथे सतत हवा सोडावी लागते, सील चांगलं तर ती कमी लागते. लॅबिरिंथ सीलचे (एकामागे एक दात ठेवून गळती अडवणारं सील) दात एकदा घासले की फट वाढली ती वाढलीच, ब्रश सीलच्या बारीक तारा मात्र शाफ्ट हलला तर वाकतात नि परत जागेवर येतात. अर्थात त्याही झिजतात, ओव्हरहॉलला बघायलाच हव्यात.